आकडी वाजते, ते ऐक

बाय, परवा फोनवर तू हसत सांगितलंस, "ताई, मी रानातून निघाले की माझ्या आधी माझा कोयता घरी पोचतो, एवढा वाजतो." मीही हसले. पण फोन ठेवल्यावर माझा हात आपोआप टाचेकडे गेला. त्या टाचेची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. 'बांधावरून पडले' एवढंच मी माहेरी सांगितलं होतं. उरलेली आज सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगते आहे ते कळेल.

लग्नानंतरची माझी तिसरी कवळतोड. पौष-माघात ऐनाच्या फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, शेण-पालापाचोळ्याबरोबर शेतात रचायच्या नि पावसाआधी राब भाजायचा, हे आपल्या कर्जत-खालापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. कमरेला कोयता अडकवायची माझी आकडी सासूबाईंनी वापरलेली. शिवणीचा ठोकळा, मधली खाच हात लागून लागून गुळगुळीत, दोन टोकांच्या भोकांतून ओवलेली दोरी. दोन महिने ती चालताना खट्-खट् करत होती. दिरांनी "आली आगगाडी" म्हणून चिडवलं, मला लाज वाटली, आणि मी जुन्या पोलक्याची चिंधी खाचेत कोंबली. आवाज गेला. मी खूश.

तिसऱ्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन बांध उतरत होते. दर वेळी कोयता खोचताना ती चिंधी त्याच्याबरोबर खाली सरकून गोळा झाली होती. पातं पुरतं बसलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. वाजत नव्हतं, म्हणून मला कळलं नाही. पाय खाली टाकला, हिसका बसला, कोयता निसटून टाचेवर आला. पाच टाके पडले. त्या वर्षी आमचा राब शेजारणींनी भाजला.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की समजले आहे. आवाज बंद करणं वेगळं आणि ढिलाई काढणं वेगळं. आवाज ही कोयत्याची तक्रार. तिच्या तोंडात बोळा कोंबू नकोस, आधी ऐकून घे.

ऐकायचं कसं? आकडी कमरेला बांध, दोरी आवळ, कोयता लाव आणि अंगणात दहा पावलं चाल. मग मूठ हातानं घट्ट धरून पुन्हा चाल. आवाज थांबला, तर पातं खाचेत हलतंय. आता कोयता काढून हातात घे आणि कानाशी हलव. खुळखुळला, तर आकडीला उगाच दोष देऊ नकोस, मूठच ढिली आहे. आणि कोयता काढल्यावरही नुसती आकडी पाठीवर धप्-धप् आपटत असेल, तर दोष फक्त दोरीचा. नवी सुती दोरी घे, ती पहिले आठ दिवस ताणते, म्हणून रोज थोडी आवळायची. बस.

मूठ ढिली असेल तर कुणीतरी सांगेल, "रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, फुगेल नि घट्ट होईल." होते, दोन दिवस. फुगलेलं लाकूड आतल्या लोखंडावर दाबलं जातं, त्याचे तंतू चेपतात, आणि वाळल्यावर मूठ आधीपेक्षा जास्त हलते. तसा कोयता फांदीवर हाणलास तर पातं मुठीतून उडेल. ते काम लोहाराचं. लाख किंवा राळ तापवून भरून बसवून घे, नाहीतर मूठच नवी घाल. यात काटकसर करू नकोस.

राहिली खाच. ती सैल का होते, ठाऊक आहे? आपण घाईत असलो की धार लाकडावर घासत कोयता ओढतो. दर वेळी केसाएवढं लाकूड कापलं जातं. त्यात दर हंगामाला धार लावून लावून पातंही झिजतं. एकीकडे खाच वाढते, दुसरीकडे पातं घटतं. शिवाय आकडी ओल्या लाकडाची कोरलेली असेल तर वाळताना ती पिळवटते. तुझी आकडी उजेडाकडे धरून खाचेतून बघ. एका टोकाला, जिथं धार येते तिथं, पाचर मारल्यासारखा खड्डा दिसेल.

पण त्या खड्ड्यात काही भरू नकोस. भरलेलं पुन्हा धारच कापणार. भर घालायची ती खाचेच्या गालांवर, म्हणजे पात्याच्या सपाट बाजू जिथं टेकतात तिथं, आणि तीही वरच्या तोंडाजवळच. पकड तोंडाशी हवी, खाली मोकळं हवं. तलवारीच्या म्यानालासुद्धा तोंडाशी धातूची मोहनाळ बसवतात, कारण झीज पहिली तिथं होते.

भर कशाची? सायकलच्या ट्यूबची नको. रबर पातं धरून ठेवतं, मग तू हिसका देणार आणि हात कापणार. कापडाचं तर तुला सांगितलंच, त्यात ते पाणी धरून ठेवतं आणि पातं गंजतं. वाळलेल्या बांबूची कामटी घे, बोटभर लांब, पोस्टकार्डाएवढी पातळ तासलेली. तिची गुळगुळीत पाठ पात्याकडे आणि पोट लाकडाकडे ठेव. लाकडाची ती जागा आधी काचकागदानं घासून घे, तेलकट लाकडाला काही चिकटत नाही. पांढरा डिंक आपल्या पावसात सुटतो, म्हणून दोन नळ्या मिसळून लावायचा इपॉक्सी घे. पात्याला मेण चोळून, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळून ते खाचेत बसव, म्हणजे माप बरोबर येईल आणि कोयता चिकटणार नाही. घट्ट व्हायला लागलं की अलगद काढ, आणि मग आकडी रात्रभर राहू दे. खिळा मात्र कुठंही मारू नकोस. एका खिळ्यानं ठोकळा उभा चिरतो.

झालं का नाही, हे बघायची माझी खूण सांगते. कोयता लावून आकडी दोन्ही हातांत धर आणि उलटी कर. कोयता पडता कामा नये. मग सरळ करून मूठ दोन बोटांनी ओढ. कोयता निघायला हवा. पडला तर ढिली, दोन बोटांना जमलं नाही तर जास्त घट्ट. ही परीक्षा अंगणात, पाय लांब ठेवून, खाली गोणपाट टाकून करायची. घट्ट झाली असेल तर कामटी काचकागदानं जराशी उतरव. आणि कोयता काढताना पात्याच्या पाठीवर भार दे, धारेवर नको, म्हणजे हीच आकडी तुझ्या सुनेलाही पुरेल.

तू विचारलंस, ट्रेकवाल्यांसारखं चामड्याचं म्यान घेऊ का? सुरीसाठी घे. पण पर्सचं मऊ चामडं आकार धरत नाही. कोल्हापुरी चपलेसारखं, झाडाच्या साली-फळांनी कमावलेलं कडक चामडं घे. ते सैल झालं तर कोमट पाण्यात भिजवून, तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सुरीवर बोटांनी दाबून सावलीत वाळवायचं, तसंच्या तसं बसतं. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलंस तर आखडून तडकेल. आणि पावसाळ्यात कुठलंही पातं चामड्यात ठेवून झोपू नकोस. चामडं ओल ओढतं, सकाळी गंज. धुऊन, पुसून, खोबरेल चोळून बाहेर टांगायचं.

आणखी एक, रागावू नकोस. मागच्या वेळी तू खोपोलीहून लोकलनं आलीस ती कोयता कमरेला लावूनच. 1959 चा शस्त्र कायदा निव्वळ घरगुती नि शेतीच्या वस्तूंना शस्त्र मानत नाही, हे खरं. पण लौजी ते पळसदरी गर्दीत तुला खेटून उभ्या असलेल्या पोराचा गाल कायद्यानं वाचत नाही. कमरेला आकडी लावून बसायचं नसतं, घरातसुद्धा नाही. प्रवासात कोयता आकडीतून काढ, गोणपाटात गुंडाळ, सुतळीनं बांध आणि पिशवीत तळाशी ठेव.

मेहुण्यांना म्हणावं, हसा खुशाल, पण बायकोचा कोयता वाजला तर आधी आकडी बघा. शनिवारी ये. आकडीबरोबर कोयताही आण, नाहीतर मी काही करू शकणार नाही. आकडीचं माप कोयत्यावरूनच घ्यावं लागतं.