‘हृदय’ : तीन अक्षरांचा नेम

माळकरी बंधुभगिनींनो, ‘हृदय’ हा शब्द आपण कीर्तनात शंभर वेळा उच्चारतो. पण छातीत, किंचित डाव्या अंगाला, मुठीएवढे जे मांसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देत राबते, त्याची विचारपूस क्वचितच करतो. बृहदारण्यकोपनिषदात या शब्दाची फोड केली आहे : ‘हृ’ म्हणजे आणणे, ‘द’ म्हणजे देणे, ‘य’ म्हणजे जाणे. तिथे विषय ब्रह्मविद्येचा आहे. आज तीच अक्षरे धरून आपण देहातल्या हृदयाचा पाठ घेऊ.

पहिले अक्षर आणण्याचे. आपण पोटात काय आणून टाकतो? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगाच पाडली नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वडे, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला पुरणपोळी! आता गंमत पाहा. ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, भुईमूग आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. गेल्या पाचशे वर्षांत आपल्याकडे आले. जुन्या धर्मग्रंथांना त्यांची ओळखच नव्हती. परदेशी म्हणून ते वाईट असे नव्हे; राजगिरा आणि रताळेही तिकडचेच. सांगायचे एवढेच, की खिचडी नसली म्हणून उपवास मोडत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेह असलेल्याची साखर तो झपाट्याने चढवतो, आणि मधुमेह हा हृदयाचा मोठा वैरी. त्यापेक्षा थोडी भगर किंवा राजगिरा, एखादे फळ, ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे पुरे झाले. चरकाचार्यांनी विमानस्थानात पोटाचे तीन भाग सांगितले आहेत : एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थाला आणि एक वातपित्तकफांसाठी मोकळा. हा हिशेब एकादशीपुरता नव्हे, रोजचा आहे.

एरवी भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हे आपले जुने ताट हृदयाला मानवणारेच. ते बिघडते मिठाने. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे सपाट लहान चमच्याच्या आतच. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही आले बरे! मीठ वाढले की रक्तदाब वाढतो. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल हेही टाळावे.

दुसरे अक्षर देण्याचे. इथे आधी ‘सोडून देणे’ घ्या. माळ घातली, मांस सुटले, दारू सुटली. पण कमरेची चंची आणि सकाळची मिसरी काही सुटत नाही. कोणी म्हणेल, “बुवा, तंबाखू कुठल्या शास्त्रात निषिद्ध आहे?” अहो, तीही अमेरिकेतूनच आलेली, शास्त्रकारांनी पाहिलीच नव्हती, तर निषेध कसला करणार? तिचे विष रक्तात शिरले की नाडी धावते, रक्तवाहिन्या आकसतात. विडी ओढणाऱ्याने ती सोडली, तर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. आणि हृदयाला द्यायची ती विश्रांती : रात्रीची सात तास झोप. एकादशीचा जागर व्हावा, रोजचा नको.

तिसरे अक्षर जाण्याचे, म्हणजे चालण्याचे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्याला ते काय शिकवायचे? पण अकरा महिने ओसरीवर बसायचे आणि ज्येष्ठात एकदम दिवे घाट चढायचा, याने हृदयाचे हाल होतात. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, हा नेम बारमाही असावा. चाल किती? बोलता यावे, पण अभंग सुरात म्हणता येऊ नये, इतकी. चैत्रापासून हळूहळू वाढवा. निघण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर भरला तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. तो दुखत नाही, म्हणूनच फसवतो. चालू गोळ्या पडशीत ठेवा. उपवास आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.

आता शेवटचे, पण नीट ध्यानात ठेवा. छाती आवळल्यासारखी होणे, कळ हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे ही खूण दिसली तर “पित्त झालं असेल” म्हणून सोडा पीत बसू नये. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी कधी नुसती मळमळ, दम किंवा थकवाच जाणवतो. माणसाला खाली बसवा, चालवू नका, लगेच १०८ क्रमांकाला फोन करा. रक्त अडले की मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत जातो. “मुक्काम गाठू, मग बघू” म्हणणारा मुक्कामाला पोचेलच असे नाही. अशा वेळी वारी अर्धी राहिली तरी मनाला लावून घेऊ नका. पांडुरंग पुढच्या आषाढीलाही विटेवर उभाच असणार आहे. त्याच्यापुढे उभे राहायला आपण असले पाहिजे.

रामकृष्णहरि.