गोदावरीचा गाळ समुद्रास कसा मिळतो

त्रिभुज प्रदेशाचा पाठ शिकविताना ‘नदी गाळ आणते, तो मुखाशी साचतो व जमीन तयार होते’ एवढे सांगून बहुधा पुढे जाण्यात येते. मुले ते पाठही करतात. परंतु गाळ मुखाशीच का साचावा, हा प्रश्न तसाच राहतो.

गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहते. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमजवळ तिला फाटे फुटतात. गौतमी व वसिष्ठा हे त्यांतील प्रमुख. वर्षाचा जवळजवळ सर्व गाळ पावसाळ्यातील पुरांबरोबरच येतो. उन्हाळ्यात नदीचे नितळ पाणी पाहणाऱ्या मुलास हे प्रथम खरे वाटणार नाही.

सपाटीवर वेग मंदावला की जाड वाळू आधी तळाशी बसते. पूर काठ ओलांडून शेतांत पसरतो, तेथे पोयटा मागे राहतो. चिकणमातीचे कण मात्र इतके सूक्ष्म असतात की गोड्या पाण्यात ते दिवसचे दिवस तरंगतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच ते एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात व ते खाली बसू लागतात. हे दाखविण्यास काचेचे दोन पेले पुरेत. दोहोंत काळ्या मातीचे सारखेच गढूळ पाणी घ्यावे, एकात चमचाभर मीठ विरघळवावे आणि दोन्ही न हलविता ठेवावे. मिठाचा पेला आधी निवळतो. घरी पाण्यात तुरटी फिरविताना पाहिलेली मुले येथे स्वतःच बोलू लागतील.

वाळूची गोष्ट निराळी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा ती किनाऱ्याने उत्तरेकडे ढकलतात. काकिनाड्यासमोरचा लांब दांडा अशाच वाळूचा आहे. त्याच्या आडोशास, चिखलात, कोरिंगाची खारफुटी वाढली आहे.

एकदा बनलेला त्रिभुज प्रदेश कायमचा, अशी समजूत मात्र मुलांची होऊ देऊ नये. साचलेला गाळ दबत जातो, लाटा किनारा खात असतात. नवा गाळ येत राहिला तरच भूमी टिकते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. अशा अनेक जलाशयांत गाळ अडू लागल्यामुळे १९९० नंतरच्या दशकात समुद्रास पोचणारा गाळ १९७० नंतरच्या दशकातल्यापेक्षा निम्म्याहूनही कमी झाला, आणि मुखाजवळील किनारा काही ठिकाणी मागे हटला.

गोदाकाठच्या शाळांनी पुराचे व हिवाळ्याचे पाणी दोन बाटल्यांत भरून, तारखेच्या चिठ्ठ्या लावून, वर्गात शेजारी ठेवावे. पुराचे पाणी शिक्षकांनी स्वतः आणावे. मुलांना त्या वेळी काठाशी पाठवू नये.