दाढेचं ठिबक

मराठी विभागासाठी साहित्य द्या अशी नोटीस लागली तेव्हा कविता द्यावी असं आधी वाटलं होतं. पण कविता दरवर्षी ढिगानं येतात, आणि माझ्याकडे सांगण्यासारखी एक दाढ आहे. खालच्या जबड्यातली, उजवीकडची. तिच्यापायी पाचव्या सेमिस्टरचा हीट ट्रान्सफरचा पेपर बुडाला. तेव्हा ही हकीकत आणि त्यानंतर केलेला थोडा अभ्यास, दोन्ही इथे मांडतो आहे. हॉस्टेलवर निम्म्या पोरांच्या दाताला काही ना काही झालेलंच असतं.

मी अकोट तालुक्यातला. दिवाळीच्या सुट्टीत दाढ ठणकायला लागली. आईनं लवंग दिली. बाबा म्हणाले, "काढून टाक नं तिले, कायले पायजे तरास!" शेवटी अकोल्याला एका दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. एक्स-रे झाला, रूट कॅनाल करावं लागेल असं ठरलं आणि पहिली सिटिंग त्याच दिवशी झाली. बधिर केल्यामुळे दुखलं काहीच नाही. बारीक बारीक फायली आत जात होत्या आणि प्रत्येक फाईलनंतर मॅडम सिरिंजनं कसलंतरी पाणी आत सोडत होत्या. वास ओळखीचा होता. हॉस्टेलच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर येतो अगदी तसाच. वरून तात्पुरतं सिमेंट भरून मॅडम म्हणाल्या, "दोन-तीन दिवस दुखेल, त्या बाजूनं चावू नकोस. पुढच्या शनिवारी नक्की ये."

संध्याकाळच्या एसटीनं अमरावतीला निघालो. बोरगाव मंजूपर्यंत गाल बधिर होता. मूर्तिजापूर मागे पडलं आणि दाढ जागी झाली. (याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला होता. सिव्हिलवाल्यांना तो पाठ आहे. त्या रात्री मी मनापासून त्या विक्रमाचे आभार मानले, कारण जुन्या रस्त्याच्या खड्ड्यांत माझं काय झालं असतं ते सांगता येत नाही.) रूमवर पोचलो तर पार्टनर म्हणतो, "ॲसिड सोडलं असन त्यायनं तुह्या दातात. वास येऊन राह्यला नं! आता जाऊ नको बे तिथं."

आणि मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं आपोआप थांबलं होतं, सबमिशन तोंडावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वासाची भीती बसली होती. पाच आठवड्यांनी मेसमध्ये फुटाणे खाताना तात्पुरतं सिमेंट निघून पडलं. त्याकडेही दुर्लक्ष केलं. परीक्षेच्या आठवड्यात गाल असा सुजला की एक डोळा अर्धा मिटला. अंगात ताप. पेपर राहिला आणि मी परत अकोल्याच्या बसमध्ये बसलो.

मॅडम रागावल्या नाहीत. दाढ उघडली, आतला पू वाट मिळताच बाहेर आला, आणि पुन्हा तेच पाणी. मी घाबरत विचारलं, "मॅडम, मागच्या वेळी या पाण्यानंच दुखलं होतं का?" त्या म्हणाल्या, "थोडंफार त्यामुळेही असेल. पण न धुता बंद केली असती तर आज झालं तेच आधी झालं असतं." हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं. तिथून पुढे मी वाचायला लागलो.

आपल्याला वाटतं रूट कॅनाल म्हणजे ड्रिल मारून पाइप साफ करणं. पण दाताच्या मुळातली नळी सरळ पाइप नसते. तिला वाकणं असतात, बाजूच्या फांद्या असतात, दोन नळ्यांना जोडणाऱ्या चपट्या फटी असतात. २००१ साली काही संशोधकांनी बारीक सीटी स्कॅन करून मोजलं. कोणत्याही पद्धतीच्या फायली वापरल्या तरी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग तसाच राहत होता, तिथे फाईल टेकतच नाही. तिथले जंतू मारायचे तर द्रवाशिवाय उपाय नाही. आणि जंतू हेच मूळ, हे १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर सिद्ध झालं होतं. उंदरांच्या दाढांची नस उघडी करून ठेवली. साध्या उंदरांच्या दाढा सडल्या. जे जन्मापासून जंतुविरहित पेटीत वाढवले होते त्यांची नस जिवंत राहिली, उलट जखमेवर नवा थर चढला.

आता आमच्या शेतातलं उदाहरण देतो. आमच्याकडे संत्र्याला ठिबक आहे. ज्यांच्या घरी ठिबक आहे त्यांना माहीत असेल, लॅटरल दोन कारणांनी चोंदते. एक शेवाळ, दुसरं क्षार. शेवाळासाठी क्लोरीनची प्रक्रिया, क्षारांसाठी ॲसिडची. दोन्ही एकदम करायची नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. दाढेतही अगदी हेच दोन कचरे असतात. सडलेली नस आणि जंतूंचा चिकट थर हे शेवाळ. फाईलनं घासल्यावर भिंतीवर बसणारा दाताचा भुगा हे क्षार.

पहिल्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे माझ्या पार्टनरचं 'ॲसिड'. प्रत्यक्षात ते ॲसिडच्या उलट, चांगलं ११-१२ पीएचचं अल्कली आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या सुमारास हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञानं याचं अर्धा टक्क्याचं द्रावण सैनिकांच्या जखमा धुवायला वापरात आणलं. दातांसाठी अर्ध्यापासून सव्वापाच-सहा टक्क्यांपर्यंत वापरतात. जंतू मारणं आणि मेलेली नस विरघळवणं ही दोन्ही कामं करणारं दुसरं द्रावण रोजच्या वापरात नाही. दुसऱ्या कचऱ्यासाठी १७ टक्के ईडीटीए. होय, फर्स्ट इयरला पाण्याचा जडपणा काढायला ब्युरेटमध्ये भरलं होतं तेच! कॅल्शियम पकडणं हाच त्याचा धंदा. १९५७ मध्ये नॉर्वेच्या ऑस्टबी यांनी ते दातांत आणलं. तिसरं क्लोरहेक्सिडिन, दोन टक्के. ते दाताला धरून राहतं आणि बराच वेळ जंतूंवर काम करतं, पण मेलेली नस विरघळवत नाही. शिवाय हायपोक्लोराइटमध्ये मिसळलं तर तपकिरी गाळ तयार होतो, म्हणून मधे धुऊन घ्यावं लागतं. चौथं साधं सलाईन. ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचं नव्हे. ते कोणाला त्रास देत नाही आणि जंतूंनाही फारसा देत नाही.

इथपर्यंत ठिबक आणि दाढ सारखी. फरक पुढे आहे, आणि माझ्या मते दुखण्याचा सगळा हिशेब त्या फरकात आहे. ठिबक धुताना आपण लॅटरलच्या टोकाची एंड कॅप काढतो, घाण पुढून निघून जाते. दाढेच्या मुळाचं टोक मात्र हाडात आहे. तिथे बारीक छिद्र आहे आणि पलीकडे जिवंत मांस. म्हणजे ज्या तोंडातून पाणी गेलं त्याच तोंडातून घाण घेऊन परत आलं पाहिजे. थोडं जरी पुढे निसटलं, मग ते हायपोक्लोराइट असो की नुसता सडका भुगा, तर पलीकडच्या पेशी दुखावतात. त्यातून प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या पसरतात, त्यांतून पाणी झिरपतं. हातावर असं झालं तर सूज येऊन मोकळी होते. हाडाच्या खोबणीत फुगायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो, दाढ किंचित वर उचलल्यासारखी होते आणि चावलं की कळ डोक्यात जाते. मूर्तिजापूरला मला जे झालं ते हे.

यात फ्लुइड मेकॅनिक्स आहे हे लक्षात आल्यावर मी वही काढली. ३० गेजची सुई, आतला व्यास ०.१६ मिमी आणि लांबी २५ मिमी धरली, सेकंदाला ०.१ मिली प्रवाह. वेग आला सेकंदाला ५ मीटर, म्हणजे दामटलेल्या सायकलीचा. रेनॉल्ड्स नंबर ८००, लॅमिनार. पॉइझ्यूईच्या सूत्रानं सुईतच दीड ॲटमॉस्फिअर दाब खर्च होतो. २७ गेज घेतली तर तोच दाब एक तृतीयांशावर येतो, कारण त्रिज्या चौथ्या घातात बसली आहे. म्हणजे बारीक सुईला अंगठ्याचा जोर जास्त लागतो. पण सुईभोवती परतीला जागा असेल तर हा जोर टोकापर्यंत पोचत नाही. सुई नळीत घट्ट अडकली की परतीचा रस्ता बंद, आणि मग सगळा दट्ट्या पुढच्या छिद्रावर. रंगपंचमीच्या पिचकारीचं तोंड ओल्या मातीत खुपसून दाबल्यासारखं.

म्हणून काळजी घेणारे दंतवैद्य सुई टोकापासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे ठेवतात, सतत वरखाली हलवतात, हळू दाबतात, आणि टोक बंद व बाजूला खिडकी असलेली सुई वापरतात. यातही ओढाताण आहेच. बाजूच्या खिडकीतून निघालेला द्रव टोकापुढे जेमतेम मिलिमीटरभर ताजा होतो, पुढे डबकं. समोरून उघडी सुई जास्त खोल धुते, पण दाबही जास्त टाकते. यावर उपाय म्हणून कोणी अल्ट्रासाउंडनं आतला द्रव ढवळतात, तर कोणी टोकाजवळून शोषून घेणारी नळी वापरतात. शोषण्याच्या पद्धतीनं नंतरचं दुखणं कमी राहिल्याचं २०१० च्या एका चाचणीत दिसलं.

आणि द्रावण तीव्र असावं की सौम्य? २०१८ मध्ये इराणच्या चाचणीत सव्वापाच टक्केवाल्यांना अडीच टक्केवाल्यांपेक्षा कमी दुखलं. २०२० मध्ये कैरोच्या चाचणीत उलट, १.३ टक्केवाल्यांना कमी. मला तरी यातून एवढंच दिसतं की टक्केवारीपेक्षा द्रव जातो कुठे हे मोठं. खूपसा पुढे गेला तर मात्र गंमत नाही. क्षणात असह्य कळ, बघता बघता सूज, नळीतून रक्त. हा प्रकार विरळा, पण खुर्चीत असं झालं तर मर्दासारखं गप्प बसू नये, लगेच हात वर करावा.

शेवटी अडीच अंशाच्या थंडगार सलाईननं पाच मिनिटं धुतलं तर नंतर कमी दुखतं, असंही काही चाचण्यांत आढळलं आहे. ठेचलेल्या बोटाला बर्फ लावतो तेच तत्त्व. आणि आपल्या मेळघाटात मिळणारे हिरडा-बेहडा? आवळा घालून त्यांची त्रिफळा होते. तीही आपल्या देशातल्या संशोधकांनी २०१० साली प्रयोगशाळेत दातांवरच्या जंतूंवर तपासली. परिणाम चांगला होता, पण पहिला नंबर हायपोक्लोराइटचाच. तेव्हा घरून त्रिफळा चूर्ण आणून दाढेत भरू नका. आमच्या मजल्यावर एकानं भरलं आहे.

दुखतं किती जणांना? २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा: उपचाराआधी ८१ टक्के, दुसऱ्या दिवशी ४०, सात दिवसांनी ११. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या चाळिसात मी एक होतो, बस एवढंच. प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी अशा दुखण्यावर चालते, पण दमा, अल्सर, किडनीचा त्रास किंवा डेंग्यूचा संशय असेल तर विचारल्याशिवाय नाही. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकची पट्टी आणून खाण्याचा या साध्या दुखण्यावर काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढतंय, गाल सुजतोय, ताप येतोय, तोंड उघडत नाही किंवा गिळताना अडतंय, तर पेपर असो की गॅदरिंग, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं डेंटल कॉलेज आहे, लांब जायचं कारण नाही.

माझी दाढ आणखी दोन सिटिंगमध्ये भरून झाली. दुसऱ्यांदाही एक रात्र दुखलं, पण या वेळी पार्टनरनं काही म्हणण्याआधी मीच त्याला वहीतलं गणित दाखवलं. तो म्हणाला, "व्यास कुठून आणला बे?" बाबांना फोनवर ठिबकचं सांगितलं तर म्हणाले, "मंग एंड कॅप बसवली का नाही?" कॅपचं माप दिलं आहे. येत्या शनिवारी अकोला. हीट ट्रान्सफरचा फॉर्मही भरला आहे.