ताप उतरल्यानंतरचे दुखणे

सन १९७३ मध्ये बार्शीस चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेल्यावर तीन दशकांहून अधिक काळ जो विषाणू आपल्या विस्मरणात गेला होता, तो परतला, आणि २००६ साली देशात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, एका बंजारा तांड्यावरील शाळेत मी तेव्हा शिक्षक होतो. भाद्रपदात तांड्यात घरोघर माणसे अंथरुणाला खिळली, त्यांत मीही होतो.

ताप आठवड्याच्या आत उतरला. मनगटे, घोटे आणि बोटांची पेरे मात्र पुढे कित्येक महिने रोज सकाळी आखडलेली असत. माझी वैद्यकीय रजा मंजूर झाली, पगार चालू राहिला, आणि विश्रांतीच्या व हलक्या व्यायामाच्या योगाने सांधे क्रमाने मोकळे झाले. शेजारची एक भगिनी त्याच सुमारास आजारी पडली होती. परंतु सोयाबीनची सोंगणी एकरावर उक्ती ठरलेली, टोळीत मागे पडणे परवडणारे नाही, म्हणून सुजल्या मनगटाला फडके बांधून ती शेतात गेली, आणि पुढे ऊसतोडीस निघण्याची वेळ आली तेव्हा मोळी डोक्यावर घेणे तिला अशक्य झाले. मुकादमाची उचल नवराबायकोच्या जोडीवर घेतलेली असते. जोडीतील एक जण थकला की ती फिटत नाही आणि बाकी पुढील हंगामावर चढते. तिचे दुखणे लांबले, त्याला विषाणूइतकाच विसाव्याचा अभाव कारण झाला, अशी माझी दृढ समजूत आहे.

म्हणून काही गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो. ताप येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. या रोगाची प्रतिपिंडे रक्तात बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागत असल्याने, आधीची तपासणी निर्दोष आली तरी ती पुन्हा करून घ्यावी, आणि केसपेपर दस्तऐवजासारखा जपावा. डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक घेऊ नये, कारण त्या रोगात रक्तस्रावाचे भय असते. तत्काळ आराम देणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड असू शकते; त्याच्या दीर्घ सेवनाने मधुमेह जडतो, हाडे ठिसूळ होतात. तीन महिन्यांनंतरही सूज राहिल्यास जिल्हा रुग्णालय गाठावे. पाण्याचे रांजण व ड्रम झाकावेत, आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावेत, कारण डासांची अंडी त्यांच्या कडांना चिकटून राहतात.

याहून महत्त्वाची तजवीज कामाची. रोजगार हमीच्या कामावर पाणी पाजण्याचे व मुले सांभाळण्याचे हलके काम असते. ते सांधे आखडलेल्या व्यक्तीस मिळावे म्हणून ग्रामरोजगार सेवकाकडे लेखी अर्ज करावा. सोंगणीत आजाऱ्याचा वाटा टोळीने सावडीने उचलावा, आणि बरे झाल्यावर त्याने तो श्रमाने फेडावा, असा ठराव नाईक-कारभाऱ्यांनी तांड्यापुढे मांडावा. ज्यांना रजा देणारे कोणतेही दफ्तर नाही, त्यांना ती शेजाऱ्यांनीच दिली पाहिजे, आणि तिचा बंदोबस्त भाद्रपद उजाडण्यापूर्वी झाला पाहिजे.