निजलेला हात

मी अकरा वर्षांचा असताना वैशाखातील एका दुपारी आंब्याच्या झाडावरून पडलो आणि उजव्या हाताचे कोपराखालचे हाड मोडून घेतले. झाड दुसऱ्याचे होते. तेव्हा दुखणे किती झाले आणि बोलणी किती बसली, हे येथे सांगत बसत नाही. डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातले. सहा आठवड्यांनी ते कापले, तेव्हा आतून जो हात निघाला तो माझाच आहे, हे मला खरे वाटेना. डाव्या हाताशेजारी ठेवला म्हणजे तो सुकलेल्या दोडक्यासारखा दिसे. पाण्याने भरलेला तांब्या उचलू गेलो, तर मनगट थरथरू लागले आणि तांब्या पाटावर कलंडला.

विहिरीवरून सकाळचे पाणी शेंदणे हे घरातील माझे काम होते. ते आता माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली बहीण करू लागली. दोराने तिच्या तळहातांना फोड आले होते. ते ती मला दाखवीत नसे; पण जेवताना घास घेण्यासाठी तिने मूठ मिटली की मला कळत असे.

हाड तर जुळले होते. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. मग हाताची शक्ती गेली कोठे?

हे समजण्यासाठी, मुलांनो, आधी आपल्याच दंडाला हात लावून पाहा. डाव्या हाताने उजवा दंड धरा आणि उजवा हात कोपरात दुमडा. पुढचा भाग टणक होऊन वर येतो. आता तोच तळहात मेजावर ठेवून खाली जोराने दाबा. या वेळी दंडाची मागची बाजू टणक होते. पुढचा स्नायू हात दुमडतो, मागचा स्नायू तो सरळ करतो. स्नायूला फक्त ओढता येते. ढकलणे त्याला ठाऊकच नाही. तुम्ही दार ढकलता तेव्हासुद्धा दंडामागचा स्नायू कोपराला ओढीतच असतो. म्हणून स्नायू बहुधा जोडीने असतात, आणि हाडांना जोडलेल्या अशा सहाशेहून अधिक स्नायूंवर आपले उठणे, बसणे, धावणे आणि लिहिणे चालते.

स्नायू हा असंख्य बारीक तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूच्या आत त्याहूनही सूक्ष्म असे दोन प्रकारचे धागे ओळीने मांडलेले असतात. एकाला ॲक्टिन म्हणतात, दुसऱ्याला मायोसिन. मायोसिनच्या धाग्यांना आकड्यांसारखी टोके असतात. विहिरीवर पाणी शेंदणारा जसा हातावर हात टाकीत दोर ओढून घेतो, तशी ही टोके ॲक्टिनच्या धाग्यांना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. धागे आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो. ही सरकण्याची गोष्ट शास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडली. ज्या क्रियेने माणूस पहिल्यापासून दगड उचलीत आला, तिचे कोडे इतके अलीकडे सुटावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

आता माझ्या हाताचे काय झाले ते पाहू. शरीर हे मोठे काटकसरी घर आहे. स्नायू पोसायला अन्न लागते, आणि जो स्नायू काम करीत नाही त्याच्यावर शरीर फुकट खर्च करीत नाही. सहा आठवडे हात बांधलेला राहिला. तंतूंतील धागे कमी होत गेले, तंतू बारीक झाले. हेच अंतराळात गेलेल्यांचेही होते. सुनीता विल्यम्स २०२४ च्या जूनमध्ये अंतराळस्थानकावर गेल्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये परतल्या. तेथे शरीराचा भार जाणवत नाही. पायांना उभे राहण्याचेही काम उरत नाही. म्हणून स्थानकावरील प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. तो केला नाही, तर पृथ्वीवर परतल्यावर आपलेच पाय आपल्याला पेलणार नाहीत.

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे एक तालीम होती. तेथील वस्ताद वयाने वृद्ध होते. वडील मला त्यांच्याकडे घेऊन गेले. वस्तादांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला, डॉक्टरांनी काय सांगितले ते विचारले आणि म्हणाले, ‘‘पोरा, हात गेला न्हाई. निजलाय. निजलेल्याला हळू उठवायचं असतं. अंगावर घागर वतून न्हाई.’’

त्यांनी उपाय सांगितला तो अगदीच साधा निघाला, आणि खरे सांगायचे तर माझी निराशा झाली. मला जोर, बैठका, मुद्गल यांची अपेक्षा होती. त्यांनी सांगितले की, तांब्यात पाव भाग पाणी घे आणि कोपर दुमडून दहा वेळा उचल. थोडे थांब, पुन्हा उचल. एक दिवस उचलायचे, एक दिवस हाताला सुट्टी. सहज उचलू लागलास की दोन बोटे पाणी वाढव.

पुढे मोठेपणी मी प्राचीन ग्रीकांच्या काळातील मायलो या मल्लाची दंतकथा वाचली, तेव्हा मला त्या तांब्याची आठवण झाली. क्रोटोन नगरीचा हा मल्ल इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात होऊन गेला. तो म्हणे एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चाले. वासरू रोज थोडे वाढे आणि मायलोचे बळही तितकेच वाढे. अखेर त्याच्या खांद्यावर पूर्ण वाढलेला बैल होता. कथेतील बैल खरा मानण्याचे कारण नाही. पण नित्याच्या कामापेक्षा किंचित जास्त भार पडला तरच स्नायू वाढतो, ही तिच्यातील गोष्ट पक्की आहे. तोच भार तितकाच वर्षभर उचलला, तर स्नायू आहे तेथेच राहतो.

मला मात्र वस्तादांपेक्षा घाई अधिक. आठव्या दिवशी घरात कोणी नाही असे पाहून मी भरलेली घागर उजव्या हाताने उचलली. कोपरात अशी कळ आली की घागर तेथेच सोडून मी मटकन खाली बसलो. कोपर सुजले. वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी पंधरा दिवस तांब्यालाही हात लावायचा नाही, असे सांगितले. ती शिक्षा रागावण्यापेक्षा कठीण होती. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा असतात, आणि त्या स्नायूपेक्षा सावकाश बळकट होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. वस्तादांनी ते कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते, पण त्यांना ते ठाऊक होते.

आणि ती मधल्या दिवसाची सुट्टी? मला वाटे की ती आळशीपणाची सोय आहे. वस्तुतः स्नायू व्यायाम करताना वाढत नाही. तेव्हा तो झिजतो आणि थकतो. तुम्ही कधी रायगडावर किंवा सिंहगडावर गेला असाल, तर दुसऱ्या दिवशी मांड्या किती दुखतात ते आठवा. दम लागतो तो चढताना, पण हे दुखणे बहुतांशी उतरण्याचे असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार सावरून धरतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. पुढच्या दोनतीन दिवसांत शरीर ती दुरुस्त करते, आणि पुढच्या वेळी गड उतरला की मांड्या तितक्या दुखत नाहीत. भार पडला की नवे धागे भरण्याचे कामही विश्रांतीतच चालते. त्याला झोप हवी आणि प्रथिने हवीत. तालमीत बदाम, दूध आणि तूप यांच्या खुराकाची मोठी वर्णने चालत. आमच्या घरी ते कोठून येणार? आई मटकीची उसळ, डाळ आणि मूठभर भुईमुगाचे दाणे देई. त्या दाण्यांतही प्रथिने भरपूर असतात.

तुमच्यापैकी कित्येकजण आरशासमोर दंड दुमडून पाहत असतील आणि तो फुगत नाही म्हणून खट्टू होत असतील. तुमच्या वयात व्यायामाने दंड फारसा फुगत नाही, परंतु बळ निश्चित वाढते. ते वाढते मज्जातंतूंच्या शिकण्याने. स्नायूत तंतू पुष्कळ असले, तरी सवय नसलेल्याच्या हाकेला त्यांतील थोडेच धावून येतात. सराव झाला की मेंदूची हाक अधिक तंतूंना, आणि योग्य क्षणी, पोहोचू लागते. ही गोष्ट मुलांना लागू आहे तशी मुलींनाही. या वयात दोघांच्या बळात फारसा फरक नसतो. माझी बहीण पोहरा ओढताना पाहिली असती, तर तुम्ही तो मुद्दाच काढला नसता.

नुसत्या देहाच्या आकारावरून बळ मोजणाऱ्यांनी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवावेत. १९४८ साली लंडन येथील ऑलिंपिक स्पर्धेत ते आपल्या गटात सहावे आले. पुढे चार वर्षे त्यांनी मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांचा गट ५७ किलो वजनापर्यंतचा होता.

म्हातारपणी स्नायू हळूहळू झडतात, हे आता मी स्वानुभवाने सांगू शकतो. तरी अमेरिकेतील बोस्टन येथे झालेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला धीर देतो. नव्वदीच्या घरातील काही अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी भार उचलण्याचा व्यायाम दिला, आणि त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक वाढले. नव्वदीत जे साधते ते साठीत का साधू नये, म्हणून मीही दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतो.

त्या वर्षी श्रावणात माझा तांब्या काठोकाठ भरला. भाद्रपदात वस्तादांनी तांब्याऐवजी लहान कळशी दिली, आणि नवरात्रात पहिल्यांदा मला हौद्यातील लाल माती उकरायला लावले. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाचे पाणी काढायला बहीण निघाली, तेव्हा मी तिच्या हातून दोर घेतला. अंधार होता. पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, दोर ताठ झाला आणि मी हातावर हात टाकीत ओढू लागलो. अर्ध्यावर आल्यावर उजवे मनगट थोडे थरथरले. मागे वळून पाहिले, तर दोराचे मोकळे टोक बहिणीने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. पोहरा वर येऊन विहिरीच्या काठावर टेकल्यावरच तिने ते सोडले.