जांभळीच्या झाडाची ओळख



गेल्या ज्येष्ठात घाटाखालच्या एका गावी प्रार्थनामंदिराच्या आवारातील जांभळीवरून अकरा वर्षांचा एक मुलगा खाली पडला. उजवा हात मोडला, पण जीव वाचला. पुढच्याच आठवड्यात तेथील वडीलमंडळींनी सभा भरवून झाड तोडून टाकण्याचा विचार केला. मी त्या भागात फिरतीवर होतो, म्हणून मलाही मत विचारण्यात आले. मी म्हणालो, "ज्याला शिक्षा द्यावयाची त्याची आधी ओळख तरी करून घेऊ." तेव्हा एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "पाळकसाहेब, जांभळीची ओळख ती काय करून घ्यावयाची? दात नव्हते तेव्हापासून खात आलो, आणि आता पुन्हा दात नाहीत तरी खातोच आहो." मी विचारले, "बाबा, तिच्या फुलाला पाकळ्या किती? फूल फांदीच्या कोणत्या भागी येते? बी किती दिवस जिवंत राहते?" कोणालाच उत्तर देता येईना. ह्यात त्यांचा दोष काय? मीसुद्धा ह्या गोष्टी पाहिल्या त्या सेमिनरीत असताना, एका गुरुजींनी हात धरून दाखविल्या म्हणून. एरवी वर्षातून तीन आठवडे झाडाकडे पाहावे आणि उरलेले दिवस त्याच्या सावलीत बैल बांधावा, एवढाच आपला व त्याचा संबंध.

त्या संध्याकाळी आम्ही झाडाखाली बसून जे पाहिले ते येथे लिहितो. उपदेशकबंधूंनी हा लेख मुलांस घरात बसून वाचून दाखवू नये. मुलांना झाडाखाली न्यावे.

प्रथम खोड पाहावे. जांभळी सदाहरित आहे. तिची सगळी पाने एकदम कधी गळत नाहीत. चांगल्या ओलीच्या जागी ती ऐंशी ते शंभर फूट उंच जाते, आणि शंभर वर्षांहून अधिक जगते. बुंध्याकडील साल काळपट, खरखरीत व भेगाळलेली असते. वर जावे तशी ती फिकट राखी व गुळगुळीत होत जाते. सालीत तुरट द्रव्य पुष्कळ असल्यामुळे मासेमारीची जाळी रंगविण्यासाठी व ती टिकाऊ व्हावीत म्हणून तिचा उपयोग करीत आले आहेत. लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून विहिरीच्या बांधकामात जुने लोक ते घालीत असत.

आता पान घ्या. पाने फांदीवर एकाआड एक नसून समोरासमोर, जोडीजोडीने येतात. लांबी साधारण तीन ते सहा इंच, वरची बाजू चकचकीत, मध्यशीर पिवळसर. कोवळी पालवी मात्र गुलाबी-तांबूस असते. मध्यशिरेपासून निघालेल्या बारीक शिरा अगदी जवळजवळ, एकमेकींस समांतर अशा कडेकडे जातात. परंतु कडेला पोहोचण्यापूर्वीच त्या सगळ्या कडेच्या आतून धावणाऱ्या एका शिरेस मिळतात. शेताला आतून बांध घातला असता जसे दिसेल, तसे हे दिसते. ह्यानंतर पान सूर्यापुढे धरावे, म्हणजे त्यात सुईच्या अग्राएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या बारीक पिशव्या होत. पान चुरगळून हुंगावे. टर्पेंटाइनसारखा जो वास येतो तो ह्या पिशव्यांतील तेलाचा. आमच्या मंडळीतील एका बाईने पान हुंगून लगेच सांगितले, "ह्याला पेरूच्या पानाची जात आहे." पुस्तक न वाचता ती बाई वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मताला येऊन पोहोचली! पेरू व जांभळी खरोखरच एका कुळातील आहेत.

ह्या कुळाला मर्टल नावाच्या झुडपावरून नाव पडले आहे. इब्री भाषेत त्या झुडपाला हदास म्हणतात, आणि राणी एस्तेरचे मूळ नाव हदस्सा ते ह्याच शब्दावरून. कित्येक लोक मर्टल म्हणजे आपली मेंदी समजतात, परंतु ते बरोबर नाही. मेंदीचे कुळ निराळे आहे. मर्टलच्या कुळात साडेपाच हजारांहून अधिक जाती आहेत. पेरू अमेरिकेतून आलेला, निलगिरी ऑस्ट्रेलियातली, लवंग मोलुक्का बेटांची, आणि जांभळी मात्र आपल्या देशाची व आपल्या शेजारच्या देशांची.

फुलांचा हंगाम चैत्राच्या आगेमागे, म्हणजे मार्च-एप्रिलात असतो. आम्ही बसलो तेव्हा तो सरला होता. म्हणून मी उपदेशकांच्या घरातून मूठभर लवंगा व ऊन पाण्याची एक वाटी मागविली. लोकांना वाटले, चहा येतो आहे! पण लवंग म्हणजे जांभळीच्या जवळच्या बहिणीची न उमललेली, वाळविलेली कळी होय. म्हणून एकीची कळी पाहिली तर दुसरीची समजते. लवंगा पाण्यात घटकाभर भिजू दिल्या. खाली दांडीसारखा जो भाग असतो त्याला आपण देठ समजतो, पण तो देठ नव्हे. त्या भागातच वरच्या टोकाकडे, पुढे ज्याचे फळ व्हावयाचे ती कुपी दडलेली असते. तिच्यावर चार लहान दाते दिसतात, तो पुष्पकोश. दात्यांच्या मध्ये जी गोल गोळी बसलेली असते ती चार पाकळ्यांची मिटलेली टोपी. नखाने ती हळूच उचलली की आत गुंडाळून बसलेले पुष्कळ केसर दिसतात. एका मुलाने सहा लवंगा उघडल्या आणि सहाही वेळा ओरडून सांगितले, "आहेत, आहेत!"

जांभळीच्या फुलाची घडण अशीच, पण फूल फारच लहान, सुमारे पाव इंचाचे, हिरवट पांढरे व सुवासिक. उमलताना तिच्या पाकळ्या पसरत नाहीत. त्या एकमेकींस चिकटलेल्या असल्यामुळे टोपीसारख्या एकदम गळून पडतात. मग जो पांढरा झुपका दिसतो तो केसरांचा. पाकळ्यांची संख्या कोणास सांगता आली नाही, ती ह्यामुळेच. झाड त्या दाखवीतच नाही. मधमाश्यांना मात्र हा बाजार चांगला ठाऊक असतो. महाबळेश्वरच्या माथ्यावरील सदाहरित रानात अंजनी व पिसा ह्यांच्या जोडीला जांभळी विपुल आहे, आणि तेथील जांभूळ-मध प्रसिद्ध आहे. त्या उंचीवर वारा व उथळ माती ह्यांमुळे हीच झाडे ठेंगणी राहतात. खाली ओढ्याकाठी शंभर फुटांची वाढणारी जांभळी तेथे पाहिली तर ओळखू येत नाही.

फळाच्या टोकाकडे एक लहान खोलगट वर्तुळ असते. ती पुष्पकोशाची खूण होय. पेरूच्या बुडाशी तेच दाते वाळून राहतात. म्हणजे ह्या दोन्ही फळांत फूल फळाच्या डोक्यावर बसलेले होते. टोमॅटोत किंवा वांग्यात ह्याच्या उलट, तेथे पुष्पकोश देठाकडे राहतो. ही एक खूण मुलांना दाखविली की ती बाजारातील प्रत्येक फळ उलटे करून पाहू लागतात. बापांनी कंटाळू नये.

शास्त्रीय नावासंबंधी थोडे सांगतो. लिनियस ह्या स्वीडिश पंडिताने 1753 साली जांभळीला मर्टलच्याच प्रजातीत घातले. पुढे पुष्कळ वर्षे पुस्तकांतून 'युजेनिया जांबोलाना' हे नाव चालले. आता 'सिझीजियम क्युमिनी' हे मान्य आहे. ते 1912 साली देण्यात आले. सिझीजियम ह्याच्या मुळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'एका जुवाखाली जोडलेला' असा होतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल ज्या सोबत्याला हाक मारतो, तेथे हाच शब्द आहे. ज्यांनी ग्रीक शिकताना डोके धरले असेल त्यांना हे झाड तरी तो शब्द विसरू देणार नाही.

आता मुलाच्या हाताकडे वळतो. जांभळीच्या फांद्या ठिसूळ असतात. चिंचेची फांदी वाकते, करकरते, माणसाला सावध होण्यास वेळ देते. जांभळीची फांदी वरून जाड व निरोगी दिसते आणि काही न कळविता मोडते. त्यातून फळ पिकते ते मे अखेर व जूनमध्ये, वळवाच्या व मृगाच्या सरींनी साल ओली असताना. काळेभोर घोस उन्हासाठी बाहेर झुकलेले, म्हणजे सर्वांत बारीक फांद्यांवर. मुलगा तिकडेच सरकतो. त्या मुलाचा उद्दामपणा येथे मुळीच नव्हता. ज्याने त्याला चिंचेवर चढावयास शिकविले, त्याने जांभळी निराळी आहे एवढे सांगितले नव्हते.

फांद्या मोडून घोस काढण्याची रीत तर दुहेरी नुकसानीची आहे. फुलोरा बहुधा पानांच्या मागे, जेथली जुनी पाने गळून गेली अशा भागावर येतो. म्हणजे आज ओरबाडलेली डहाळी पुढील वर्षांच्या फुलोऱ्याची जागा होती. दिल्लीत ज्या रस्त्याला पूर्वी राजपथ म्हणत व 2022 पासून कर्तव्यपथ म्हणतात, त्याच्या दुतर्फा जांभळींच्या रांगा आहेत. तेथे जांभळे काढणारे लोक झाडाखाली चादर ताणून धरतात व वरून फांदी हलवितात. पिकलेले तेवढे गळते, कच्चे राहते. आपल्याकडे जुने लुगडे व एक लांब बांबू असला म्हणजे हेच काम जमिनीवर उभे राहून होते.

येथे आणखी एका गोष्टीविषयी बोलणे मला भाग आहे, कारण सभेतच एकाने ती काढली. "साहेब, झाड तोडले तर साखरेच्या आजाराचे औषध कोठून आणावे?" विचारणाऱ्या गृहस्थांना मधुमेह होता, व बियांची पूड घेऊ लागल्यापासून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोन महिन्यांची जखम होती. बियांचा हा उपयोग आपल्या देशात फार जुना आहे, त्याची मी टवाळी करीत नाही. परंतु ब्राझील देशात डॉक्टरांनी जांभळीच्या पानांच्या काढ्याची रोग्यांवर नीट तुलना करून चाचणी घेतली, तेव्हा गोळ्यांनी साखर उतरली, काढ्याने उतरली नाही. बियांची पूड म्हणजे पानांचा काढा नव्हे, हे खरे. तरी जे औषध गुणकारी म्हणून सिद्ध आहे ते सोडून ज्याची खात्री नाही त्यावर पाय गमावण्याची जोखीम कोणी घेऊ नये. जांभूळ फळ म्हणून मिठाबरोबर खावे, गोळ्या चालू ठेवाव्यात. त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात घेऊन गेलो. जखम भरावयास चार महिने लागले. उपदेशकबंधूंनो, तुमच्या मंडळीत असे कोणी पूड घेणारे असतील तर पायाला जखम होण्याची वाट पाहू नका. आजच विचारा.

झाडाविषयी सभेचा ठराव असा झाला की ते राहू द्यावे, खालच्या वाळलेल्या फांद्या माणूस लावून नीट कापून काढाव्यात, कोणाही मुलाने वर चढू नये, आणि दर शनिवारी संध्याकाळी चादर धरून जांभळे उतरवून वाटावीत. पहिल्या शनिवारी मी तेथेच होतो. हाताला पट्टी बांधलेला तो मुलगाही आला होता, आणि त्याने डाव्या हाताने चादरीचा एक कोपरा धरला. लोकांनी त्याला मागे सारले नाही.

ज्यांना रोपे करावयाची असतील त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धान्याचे बी आपण कणगीत वर्षभर ठेवतो, तसे जांभळीचे बी ठेवता येत नाही. वाळले की मेले. फळ खाऊन झाल्यावर बी धुवावे व शक्य तर त्याच आठवड्यात पेरावे. पंधरा दिवसांनंतर फारशी आशा नाही. पावसाळ्याच्या तोंडी फळ पिकते व बी लगेच ओल्या मातीत पडते, तेव्हा रानात तिला साठवणीची गरजच पडत नाही. पक्षी व वटवाघळे ते दूरवर नेतात. पेरलेले रोप फळाला येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. कलम असेल तर लवकर. आणि आश्चर्याची गोष्ट म्हणजे एका बियातून पुष्कळदा दोन, तीन, कधी त्याहूनही अधिक कोंब निघतात, कारण आत गर्भ एकाहून अधिक असतात. अशा वेळी जोमदार एक ठेवून बाकीचे काढावे, असे बागाइतदार सांगतात.

त्या गावी आम्ही वीस बिया पत्र्याच्या जुन्या डब्यांत पेरल्या. श्रावणात पत्र आले की सतरा उगवल्या, आणि त्यांतल्या कित्येकींना जोडकोंब आहेत. काढून टाकावयाचे कोंब वृद्ध बाबांनी कोणास टाकू दिले नाहीत. ते त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून नेले व आपल्या ओढ्याकाठच्या बांधावर एकेक करून लावले. त्यांपैकी चार लागले आहेत.