गिरणीची किंमत, बँकेची किंमत

एक किलो ज्वारी कर्जतच्या बाजारात तोलली काय आणि पुण्याच्या मंडईत तोलली काय, काटा खरा असेल तर उत्तर एकच येते. वस्तुमान हा त्या ज्वारीचाच गुणधर्म आहे. तो तोलणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसतो. चालत्या धंद्याची किंमत अशीच तोलता येईल का? या कामासाठी तीन पद्धती रूढ आहेत. त्या आपण प्रथम एका लहान उदाहरणाने समजून घेऊ आणि मग आपल्या देशातील एका गाजलेल्या खटल्याकडे वळू.

तीन काटे

समजा, कर्जत तालुक्यातील एका गावात पिठाची गिरणी विकायची आहे. तिच्यावर कर्ज नाही.

पहिली पद्धत मालमत्तेची. जागेचे २,००,००० रुपये, घसारा वजा जाता चक्की व मोटरीचे ९०,०००, काटा-वजने व इतर सामानाचे १०,०००. बेरीज ३,००,००० रुपये. देणे असते, तर ते यातून वजा केले असते.

दुसरी पद्धत तुलनेची. शेजारच्या गावात अशीच एक गिरणी नुकतीच ४,२०,००० रुपयांना विकली गेली. तिचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न ६०,००० रुपये होते, म्हणजे किंमत उत्पन्नाच्या ७ पट आली. आपल्या गिरणीचे निव्वळ उत्पन्न ५०,००० रुपये आहे. तेव्हा तिची किंमत ३,५०,००० रुपये. निव्वळ उत्पन्न काढताना विजेचे बिल, दुरुस्ती आणि मालकाच्या स्वतःच्या कामाची मजुरीही वजा करावी लागते, हे विसरू नका.

तिसरी पद्धत उत्पन्नाची. गिरणी घेणारा खरे तर पुढील वर्षांचे उत्पन्न विकत घेत असतो. पण पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो. पैसे दुसरीकडे गुंतवून १० टक्के मिळत असतील, तर आजचे १०० रुपये वर्षाने ११० होतात. म्हणून वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १०० ÷ १.१ = ९०.९१ रुपये. दोन वर्षांनी मिळणार असतील, तर पुन्हा १.१ ने भागायचे. या दराला वटावाचा दर म्हणतात.

गिरणीचे ५०,००० रुपये पहिल्या वर्षासाठी ४५,४५५, दुसऱ्यासाठी ४१,३२२ असे घटत दहाव्या वर्षासाठी १९,२७७ होतात. दहा वर्षांची बेरीज सुमारे ३,०७,००० येते. दहा वर्षांनी चक्की झिजेल, पण जागा उरेल. तिचे २,००,००० रुपये धरले, तर त्यांची आजची किंमत सुमारे ७७,०००. एकूण किंमत ३,८४,००० रुपये.

गिरणी एकच, उत्तरे मात्र तीन!

किरणोत्सारी पदार्थाशी साम्य

तिसऱ्या पद्धतीतील घट तुमच्या ओळखीची आहे. किरणोत्सारी पदार्थ असाच ठरावीक प्रमाणात घटतो. कार्बन-१४ निम्मा होण्यास सुमारे ५,७३० वर्षे लागतात. हा त्याचा अर्धायुकाल. १० टक्के दराने पुढील रुपयाचा ‘अर्धायुकाल’ सुमारे ७.३ वर्षे येतो. १५ टक्के दर घेतला तर तो सुमारे ५ वर्षेच राहतो.

साम्य येथेच संपते. कार्बनचा अर्धायुकाल निसर्गाने ठरविला आहे. रुपयाचा आपण ठरवतो. पाऊस हुलकावणी देणाऱ्या भागात उत्पन्नाची खात्री कमी, म्हणून कोणी १५ टक्के दर धरील. मग आपल्या गिरणीची किंमत ३,८४,००० वरून सुमारे ३,००,००० वर येते. गिरणीत काहीही बदललेले नसते!

चौदा बँकांचा प्रश्न

आता खटल्याकडे वळू. १९ जुलै १९६९ रोजी केंद्र सरकारने १४ मोठ्या बँका आपल्या ताब्यात घेतल्या. पुण्यात १९३५ साली स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र आणि मुंबईच्या सेंट्रल बँक व बँक ऑफ इंडिया त्यांत होत्या. बँका घेतल्या, तर त्यांचा मोबदला द्यायला हवा. तो कसा काढायचा हे कायद्यात लिहिले होते : ठरवून दिलेल्या मालमत्तेची बेरीज करायची आणि देणी वजा करायची. म्हणजे आपली पहिली पद्धत.

रुस्तुम कावसजी कूपर या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दहा विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द ठरविला. त्याचे एक प्रमुख कारण मूल्यमापनाचे होते. बँक म्हणजे चालता धंदा. पण बेरजेत तिचा नावलौकिक धरलेलाच नव्हता, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांची उरलेली वर्षेही नव्हती.

नावलौकिकाची किंमत म्हणजे काय? आपल्या गिरणीत उत्पन्नाच्या पद्धतीने ३,८४,००० आणि मालमत्तेच्या पद्धतीने ३,००,००० आले. मधले ८४,००० रुपये जागेचे नाहीत, चक्कीचेही नाहीत. दळण चांगले मिळते म्हणून लोक त्याच दारी येतात, त्याची ती किंमत. बँकेच्या बाबतीत ठेवीदारांचा विश्वास म्हणजे हेच. मात्र १५ टक्के दर धरताच हे ८४,००० नाहीसे होतात, हेही ध्यानात घ्या.

त्याच कायद्यात, बँकेने पूर्णपणे वापरात घेतलेल्या इमारतींसाठी वार्षिक भाड्याची, काही वजावटी करून, बारा पट घ्यावी असे सूत्र होते. हे उत्पन्नाच्या पद्धतीचेच संक्षिप्त रूप : १०० ÷ १२ म्हणजे सुमारे ८.३ टक्के दर. या सूत्राने इमारतीची खरी किंमत मिळत नाही, असाही आक्षेप न्यायालयाने घेतला.

चारच दिवसांनी, १४ फेब्रुवारीस नवा वटहुकूम निघाला आणि पुढे नवा कायदा झाला. त्यात सूत्राऐवजी प्रत्येक बँकेपुढे आकडाच लिहिला गेला : सेंट्रल बँकेस १७.५ कोटी, बँक ऑफ महाराष्ट्रास २.३ कोटी, चौदांना मिळून ८७.४ कोटी रुपये. बँका सरकारकडेच राहिल्या.

कोणता काटा केव्हा?

धंदा बंद करून सामान विकायचे असेल, तर मालमत्तेची पद्धत योग्य. तशाच धंद्यांची खरेदी-विक्री नेहमी होत असेल, तर तुलनेची. धंदा चालू राहणार असेल, तर उत्पन्नाची. बंद साखर कारखान्याच्या विक्रीवरून वाद होतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हाच प्रश्न असतो : विकायची ती मोडीतली यंत्रे, की पुन्हा ऊस गाळू शकणारा कारखाना? सभासद शेतकऱ्याच्या भागाची किंमत या उत्तरावर ठरते. म्हणून किमतीचा आकडा ऐकला की तीन गोष्टी विचाराव्यात : पद्धत कोणती, दर किती, आणि तो कोणी ठरविला?

स्वाध्याय

१. वटावाचा दर १२ टक्के धरून गिरणीची किंमत काढा.
२. तुलनेसाठी घेतलेली दुसरी गिरणी बसस्थानकाजवळ असेल, तर ७ पट हा आकडा आपल्या गिरणीस लावावा काय? कारण द्या.
३. तुमच्या गावातील एखादी पाण्याची विहीर घ्या. तिच्यासाठी तिन्हींपैकी कोणती पद्धत वापराल?